पावसात शेपूट फिरवणारी गाडी: कुठून तपासायला लागावं

बोलतोय ते इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या, म्हणजे मागून ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते कळेल.

सिग्नल सुटला, तुम्ही रोजच्याइतकीच रेस दिली, इंजिन ओरडलं आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागून किंचित तिरकी झाली. उड्डाणपुलाच्या वळणावर लोखंडी सांधा ओलांडताना मागून कुणी खांदा लावल्यासारखं वाटलं. मीटरमधला तो पिवळा दिवा, गाडीच्या चित्राखाली दोन नागमोडी रेघा असलेला, पावसात सारखा लुकलुकतो. वळणात घाबरून पाय एकदम उचललात तर मागची बाजू उलट जास्तच बाहेर गेली. बिल्डिंगच्या बेसमेंटचा ओला रॅम्प चढताना मागचं एकच चाक जागच्या जागी गरगरत राहतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही.

यातली दोन लक्षणं जुळली तर पुढे वाचा. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच निघते अशी तक्रार असेल तर ती पुढच्या चाकांची आहे, ती आज इथे नको.

माझं गॅरेज परळला, एका गल्लीत. वडील काळी-पिवळी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. तीही मागच्या चाकांनीच ढकलली जाणारी गाडी, जेमतेम चाळीस घोड्यांची. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. आता माझ्याकडे जर्मन सेडान येतात, दोन सीटर येतात, एक-दोन मस्टँगही येतात. घोडे दसपट झाले, पण जूनमध्ये येणारी तक्रार शब्दशः तीच: "भाऊ, मागून सुटते."

का सुटते ते एकदा समजून घ्या, मग तपासण्यांचा क्रम आपोआप कळेल. मागच्या टायरला दोन कामं असतात: गाडी पुढे ढकलायची आणि वळणात तिला आडवं सरकू द्यायचं नाही. पकड मात्र एकच. एका पगारात दोन घरं चालवायची तशी गत. कोरड्या डांबरावर पगार बरा असतो, दोन्ही घरं चालतात. पाऊस पडला की पगार कापला जातो, आणि तुम्ही रेस देऊन एकाच घरात सगळा उधळलात की दुसऱ्या घरात चूल पेटत नाही. म्हणजे मागची बाजू आडवी जाते. म्हणून पहिला संशय नेहमी टायरवर आणि पायावर घ्यायचा. मशिनरीवर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

फुकटातलं आधी

डॅशबोर्डवरचं बटण बघा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण बऱ्याच गाड्यांत गिअरजवळ असतं आणि हाताने, पिशवीने, मुलांनी दाबलं जातं. फरक लक्षात ठेवा: दिवा लुकलुकतो म्हणजे यंत्रणा काम करतेय, घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतेय, इंजिनची ताकद कापतेय. दिवा सतत पेटून राहिला म्हणजे ती बंद आहे किंवा तिच्यात बिघाड आहे. लुकलुकणाऱ्या दिव्याला फॉल्ट समजून स्कॅनिंगचे पैसे देऊन आलेले लोक मी पाहिलेत.

मग ड्रायव्हिंग मोड. स्पोर्ट मोडमध्ये ॲक्सिलेटर तिखट होतो आणि बऱ्याच गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोलही थोडं ढिलं सोडलेलं असतं. मस्टँगमध्ये बर्फ आणि पाऊस या दोन्हींसाठी मिळून एकच मोड दिलाय, 'स्नो/वेट' नावाचा. लोक हसतात, मुंबईत स्नो कुठला म्हणून. पण मोडचं काम साधं आहे: तुमचा पाय कितीही उतावळा असला तरी इंजिनने सबुरीने घ्यायचं. जून ते सप्टेंबर तो लावूनच ठेवा.

आणि पाय. वळणाच्या आत ना रेस वाढवायची, ना एकदम सोडायची. एकदम सोडली की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांना पकड हवी असते. मॅन्युअल गाडी असेल तर वळणात खालचा गिअर धाडकन टाकू नका, क्लच सोडताक्षणी मागच्या चाकांना हँडब्रेकसारखा झटका बसतो. क्रूझ कंट्रोल पावसात बंद.

महिनाही बघा, हे कुणी सांगत नाही. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून. त्याआधीचे सात-आठ महिने रस्त्यावर ऑइल, रबराचा भुगा, धूळ साचलेली असते. पहिल्या सरींत त्याचा नुसता लेप होतो. तेव्हा गाडी तीस-चाळीसच्या वेगातही सुटते, आणि त्यात गाडीचा दोष असेलच असं नाही. दोन-तीन दणदणीत पाऊस झाले की रस्ता धुऊन निघतो. जुलैत तक्रार आली तर ती वेगळी: साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो. जूनमध्ये कमी वेगात घसरते की जुलैत जास्त वेगात तरंगते, हे मला फोनवर सांगितलंत तरी अर्धं निदान होतं. पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि पुलांचे सांधे मात्र चारही महिने निसरडे. तिथे पाय स्थिर ठेवायचा, बस.

टायर, आणि परत टायर

इथे वेळ घालवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ गाड्या इथेच बऱ्या होतात.

दोन वर्षांपूर्वी दादरचा एक मुलगा दोन सीटर घेऊन आला. एका ठिकाणी त्याला सांगितलं होतं की डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) गेलंय, आणि आकडा असा की त्यात सेकंडहँड छोटी गाडी आली असती. मी खाली बसलो, मागच्या टायरच्या गोट्यांवरून, म्हणजे खाचांमधल्या रबराच्या ठोकळ्यांवरून, बोट फिरवलं. बोट काळं आणि बुळबुळीत झालं, तूप लागल्यासारखं. विचारलं, "गाडी कोण धुतं?" म्हणाला, "सोसायटीत एक पोरगा येतो. रविवारी टायर पण चमकवतो." त्या पोराने टायर पॉलिश फक्त बाजूला न लावता, जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथेही चोपडलं होतं. भांडी घासायचा साबण आणि काथ्याचा ब्रश घेऊन आम्ही दोन्ही टायर घासले. त्यानंतर पावसात गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या, दिवा एकदाही लुकलुकला नाही. पोराला रागवू नका. काळं चकचकीत दिसलं की साहेब खूष होतो, एवढंच त्याला माहीत असतं. त्याला फक्त जागा दाखवा.

पुढे हवा. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतो. पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो, पंपावरचा माणूस चारही चाकांत सारखीच भरतो. टायरवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते. हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या, फार खर्च नाही. रन-फ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर डोळ्यांवर अजिबात विसंबू नका. त्यांच्या भिंती इतक्या टणक असतात की हवा निम्मी झाली तरी टायर ताठच दिसतो.

हवेचं एवढं का? साचलेल्या पाण्यात टायर किती वेगाला तरंगू लागतो याचं एक जुनं सूत्र आहे, विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून आलेलं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं, म्हणजे पीएसआयच्या आकड्याचं, वर्गमूळ काढा, त्याला सुमारे १६.७ ने गुणा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. ३२ पीएसआयला येतात ९४. २४ ला येतात ८२. म्हणजे हवा कमी झाली की फ्रीवेवर तुमच्या नेहमीच्या वेगातच टायर पाण्यावर चढतो. सूत्र ढोबळ आहे. झिजून गोटा झालेला आणि रुंद टायर त्याआधीही तरंगतो. पण म्हणून हवा चार-पाच पीएसआय वाढवूनही ठेवू नका. टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला टेकणारी जागाच कमी होते.

तिसरं, खाचांची खोली. कायद्याने १.६ मिलिमीटर पुरे. खाचांमध्ये त्या उंचीचे छोटे आडवे उंचवटे दिलेले असतात, गोट्या घासून त्यांच्या पातळीला आल्या की टायर संपला. मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या दणकट गाडीला मुंबईच्या पावसात मी ३ मिलिमीटरला टायर बदलायला सांगतो. दोन-तीनशे रुपयांचा खोली मोजायचा गेज मिळतो. मात्र बाहेरून बघून समाधान मानू नका. या गाड्यांची मागची चाकं वरून आत झुकलेली असतात, त्यामुळे आतली कड आधी खाल्ली जाते. बाहेरून टायर नवा, आतून तारा दिसताहेत, असं मी दरवर्षी दोन-चार वेळा बघतो. गाडी थंड असताना हात आत घाला आणि कडेवरून फिरवा, पण जपून. तारा बोटात घुसतात, माझ्या अंगठ्याला विचारा.

मग टायरचं वय. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वीकेंडच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे गोट्या शाबूत राहतात आणि रबर वाळून जातं. पाच-सहा वर्षं झाली आणि खाचांत बारीक चिरा दिसल्या तर खोली कितीही असो, ते टायर पावसाळ्यासाठी बाद. नखाने दाबून बघा, ताज्या रबरात नख जरा तरी रुततं.

शेवटी जोडी आणि बाण. मागच्या दोन्ही टायरची कंपनी, डिझाइन आणि झीज सारखी हवी. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे. दुकानदार "पुढे टाका, स्टिअरिंग हलकं होईल" म्हणेल, ऐकू नका. पुढची पकड सुटली तर स्टिअरिंगमध्ये कळतं आणि वेग कमी केला की बहुतेकदा परत मिळते, मागची सुटली तर सावरायला वेळ मिळत नाही. अर्थात पुढे-मागे रुंदी वेगळी असेल तर हा प्रश्नच येत नाही. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. पंक्चरवाल्याकडे डावं-उजवं चाक अदलाबदल झालं की बाण उलटा होतो, आणि पाणी बाहेर फेकायच्या खाचा ते आत ओढायला लागतात. गाडीभोवती एक चक्कर मारून बाण बघायला एक मिनिट लागतं. आणि टायर कोरे करकरीत असतील तर पहिले दोनेकशे किलोमीटर सबुरीने घ्या. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला गुळगुळीत थर झिजायला तेवढं अंतर लागतं.

आता पैसे लागतील

टायर निर्दोष निघाले, तरी गाडी सुटते? मग अलाइनमेंट, आणि तेही चारही चाकांचं. कोपऱ्यावरच्या बऱ्याच दुकानांत फक्त पुढच्या चाकांचं होतं, कारण पद्मिनीच्या काळी मागे जुळवायला काही नव्हतंच. आजच्या गाड्यांत मागची चाकंही वेगवेगळी टांगलेली असतात आणि एका खड्ड्यात त्यांचा कोन बिघडतो. मागच्या चाकांची पुढची टोकं किंचित एकमेकांकडे वळलेली हवीत, त्याला टो-इन म्हणतात. ती बाहेर वळली की गाडी वळणात स्वतःहून शेपूट काढायला बघते. घरी ओळखायची एक खूण: सरळ रस्त्यावर गाडी सरळ जातेय, पण स्टिअरिंग वाकडं धरावं लागतंय. छापील रिपोर्ट मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही. "हो गया साहब" हा रिपोर्ट नाही.

अलाइनमेंट करून पंधरा दिवसांत पुन्हा बिघडलं तर परत परत करू नका, पैसे पाण्यात जातील. मागच्या आर्मचं (चाकाला जागेवर धरणाऱ्या दांड्याचं) रबरी बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलंय असं समजा. कोन कागदावर बरोबर येतो आणि रेस देताच चाक हलतं. स्पीडब्रेकरवर मागून 'टक्' असा एकच सुका आवाज हे त्याचं लक्षण.

शॉकअप तपासायला डिकीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर गेला. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर दाबायचीही गरज नाही.

अधूनमधून दोष हँडब्रेकचा निघतो. आठवडाभर पावसात उभी गाडी, एका बाजूचा ब्रेक अर्धवट अडकलेला. दहा मिनिटं चालवून थांबा आणि मागच्या दोन्ही रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एका बाजूला झळ लागली तर तो ब्रेक धरतोय. ओल्या रस्त्यावर गाडी मग त्या बाजूला ओढली जाते.

रॅम्पवर एकच चाक फिरतं याची भीती बाळगू नका. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तो, ताकद कमी पकडीच्या चाकाकडे पळते. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकाच चाकाला मोकाट फिरू न देणारं) असलेली गाडी असं करायला लागली तरच विचार करायचा.

बर्फाकडे निघालेल्यांसाठी

डिसेंबर लागला की कुणीतरी विचारतंच: "मनालीला घेऊन जाऊ का?" ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीपलीकडच्या लाहौलचा बर्फ हाताशी आलाय. माझं उत्तर: मनालीपर्यंत रस्ता कोरडा असेल तर जा, पुढे तिथली टॅक्सी करा.

कोरड्या डांबरावरची पकड शंभर धरली तर ओल्यावर साठ-सत्तर, दाबलेल्या बर्फावर पंचवीस-तीस, काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर दहाच्या आसपास. वरून आपल्या गाड्यांचे टायर उन्हाळी, ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होत जातं. म्हणजे गोट्या भरपूर असूनही ते बर्फात प्लास्टिकच्या चाकासारखे वागतात. दोष मागच्या चाकांचा नाही. माझा आतेभाऊ म्युनिकला मागच्या चाकांची कूपे अख्खा हिवाळा चालवतो, हिवाळी टायरवर. जर्मनीत २०१० पासून रस्ता बर्फाळ असेल तेव्हा तसे टायर सक्तीचेच आहेत. डोंगराची तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण टायरवर हवी, आणि चारही चाकांना. मागे दोनच लावले तर पुढची चाकं ना वळतील ना थांबवतील. तिकडे काहीजण डिकीत मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती बांधतात. चढायला मदत होते, थांबायला नाही.

बर्फासाठी टायरवर बांधायची चेन घेणार असाल तर ती मागच्या चाकांना, कारण ढकलतात ती. आधी गाडीचं मॅन्युअल वाचा. खुजट गाड्यांत टायर आणि शॉकअप यांच्यामध्ये बोटभरही जागा नसते आणि काही मापांना चेन चालतच नाही. इथेच पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघा, तिथे बोटं गारठलेली असतात. चेन असताना वेग ४०-५० च्या वर नाही, आणि डांबर लागलं की काढायची. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला ब्रेक गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. निघताना दुसऱ्या गिअरमध्ये.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर व्हिडिओ बघून स्पॅनर उचलू नका. ट्रॅक्शनचा दिवा सतत पेटलाय आणि सोबत एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा): चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर, स्कॅनरशिवाय अंदाजाने पार्ट बदलू नका. मागच्या टायरची आतली बाजू तेलाने ओली आहे: ॲक्सलचं सील गेलेलं असू शकतं, तेल ब्रेकवर उतरू शकतं, गाडी चालवतही आणू नका. वेगाबरोबर चढत जाणारा, मागच्या सीटखालून येणारा हुंकार: डिफरन्शियल किंवा बेअरिंग. मोठ्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग अचानक वाकडं झालं: आर्म वाकलाय किंवा मागच्या सबफ्रेमला (आर्म ज्यावर बसतात त्या लोखंडी चौकटीला) तडा आहे, लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही. बुश घरी बदलायच्या भानगडीत पडू नका, त्याला प्रेस लागतो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

सगळं तपासून झाल्यावर "आता सुटते का बघू" म्हणून रात्री पावसात फ्रीवेवर जाणारे महाभागही आहेत. तुमच्या सोसायटीचा ओला रॅम्प पुरेसा आहे.

गाडी उचलून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत न्यायला येणारा कुणी असेल तर त्याला परत पाठवा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिन बंद असताना फिरत नाही, आणि परळपर्यंत येईस्तोवर दुरुस्तीच्या यादीत गिअरबॉक्सही लागतो.